चकतीवरचे सात डाग

चकतीवर सात डाग होते. पाच माझे, एका वर्तुळात, कडेपासून सारख्या अंतरावर. उरलेले दोन वाकडेतिकडे. त्यातला एक तर माझ्या डागावर चढलेला.

"दुसरीकडे गेला होतात?" मी विचारलं.

जीवन खैरनारने हेल्मेट स्टुलावर ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"चकतीने."

आमच्या सातपूरच्या प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर धातूवर ठिणगी पाडतो आणि तिच्या उजेडावरून आत काय किती आहे ते सांगतो. प्रत्येक ठिणगीचा काळा डाग मागे राहतो. हे त्याला मीच शिकवलं होतं. शेजारच्या गाळ्याचा पत्ता विचारायला तो आमच्या दारात आला, आणि पत्ता राहिला बाजूला... खिशातून ही चकती काढून म्हणाला, "हे काय आहे, सांगता?"

"पोलाद."

"ते मलाही दिसतं. कस्टम्सला दिसत नाही."

तो कस्टम्स शुल्काचा सल्लागार. परदेशातून आलेला माल कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसतो, हे सांगणं त्याचं काम. साडेदहा टक्के किंवा जास्त क्रोमियम असलं तर ते पोलाद स्टेनलेस, कमी असलं तर नाही. आणि रकाना बदलला की शुल्क बदलतं. त्याचे क्लायंट देवरामशेठ यांनी कागदांवर स्टेनलेस लिहून माल मागवला होता; चकती त्याच मालातली. माझ्या मशीनवर आलं १०.४३.

त्यानंतर तो येतच राहिला. दरवेळी एक नवी शंका – आणि तिखट-मीठ लावलेले दोन पेरू. मला वाटलं होतं... जाऊ दे, काय वाटलं होतं ते.

"माझ्या आकड्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं," मी म्हणाले. "आणि हा जो कोणी आहे, त्याने डागावर डाग पाडलाय. जळलेल्या जागेवरून काढलेला आकडा मी कचऱ्यातही टाकणार नाही."

"मॅडम, ऐका –"

"इतके दिवस निकिता म्हणत होतात. आज मॅडम?"

"आज तुमची भीती वाटतेय."

तो हसू दाबत होता. त्याचा मला आणखी राग आला.

"चकती देवरामशेठनी नेली होती," तो म्हणाला. "दुसऱ्या लॅबमध्ये १०.५८ आलं. म्हणाले, हाच आकडा घालून तुमचं मत लिहून द्या."

"मग?"

"तुमचा घातला. काल पाठवलं. आज शेठनी चकती परत केली... आणि कामही काढून घेतलं. निम्मं ऑफिस त्यांच्या कामावर चालायचं."

बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. तो थांबताच मी जास्तच चिडले.

"वेडे आहात का तुम्ही? दोन आकडे वेगळे आले की तिसऱ्यांदा तपासायचं असतं. मला विचारायचं तरी. माझं मशीन त्या दिवशी बिघडलेलं असू शकतं. मी चुकलेली असू शकते."

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, विश्वास नाही."

"म्हणू द्यायचं. चिडू द्यायचं." "माझ्या चुकीपायी तुमचं ऑफिस बंद पडलं तर मी तुमच्यासमोर बसून पेरू कसा खाऊ?"

"म्हणजे पुढेही खाणार आहात."

"विषय बदलू नका."

"नाही बदलत. इतके दिवस याच विषयासाठी येतोय. पोलादाबद्दलच्या शंका पहिल्याच दिवशी संपल्या होत्या, निकिता."

मी हातमोजे शोधू लागले. ते माझ्या हातातच होते.

"हा राग कोणत्या रकान्यात बसतो, बघतोय..." तो पुटपुटला.

"गप्प बसा. आणि इथे उभे राहा – जवळ. आकडा दोघांनी बघायचा."

मी चकती ग्राइंडरवर धरली. सातही डाग गेले. खालून बारीक रेघांचं कोरं पोलाद निघालं. आधी क्रोमियम नेमकं ठाऊक असलेला नमुना लावून मशीन तपासलं. ठीक होतं. मग चकती बसवली. बटणावर बोट ठेवलं.

"चूक निघाली तर?" मी विचारलं.

"तर आकडा चुकला," तो म्हणाला. "मी येत होतो ते बरोबर ठिकाणीच." आणि त्याने माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

मी हात काढला नाही.

पाच ठिणग्या. पाच नवे डाग.

सरासरी क्रोमियम : १०.४४ टक्के.