घुबडाच्या आतला माणूस

आपण घुबडाच्या आत नव्हतो एवढं सिद्ध करून हवं आहे, असं शिंप्याने खुर्चीत टेकता टेकता सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी हातातला पेपर खाली ठेवला.

डॉक्टर दातांचे होते आणि निवृत्त होते. वरच्या मजल्यावर एकटे राहत. टीव्हीला उत्तरं देण्याचा कंटाळा आला की जिना उतरून बाईंच्या ऑफिसात येऊन बसत. बाई खासगी चौकशीची कामं घेत. त्याआधी विमा कंपनीत होत्या. जळलेली गोदामं बघून बघून माणसाच्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवायची त्यांची सवय सुटली होती. येणाऱ्याला त्या डॉक्टरांची ओळख ‘माझे मदतनीस’ अशी करून देत. मदत नेमकी कोणती, हे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

शिंप्याची हकिगत अशी. गावातल्या फुटबॉल संघाचं चिन्ह घुबड. माणसाएवढं घुबड शिंप्यानेच शिवलं होतं आणि नऊ वर्षं तोच ते अंगात घालून प्रेक्षकांच्या स्टँडसमोर नाचत होता. संघ हरण्यात वाकबगार होता. तरी चाहत्यांनी एक रिवाज कसोशीने पाळला होता : समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली की अख्ख्या स्टँडने मैदानाकडे पाठ करायची. घुबडानेसुद्धा. पूर्वी एकदा सगळ्यांनी अशी पाठ फिरवली होती आणि चेंडू बाहेर गेला होता. त्यानंतर बरेचदा तो आत गेला, पण श्रद्धेला एक पुरावा पुरतो.

गेल्या रविवारी हंगामातला शेवटचा सामना झाला. बरोबरी झाली असती तरी संघ तगला असता. शेवटाकडे समोरच्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, संघ खालच्या गटात गेला. आणि बोलवा उठली की घुबडाने पाठ फिरवलीच नाही, टक लावून बघत उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी चाहत्यांच्या मंडळाने ठराव केला की शिंप्याने यापुढे स्टँडमध्ये पाऊल ठेवायचं नाही.

“मी तापाने अंथरुणात होतो,” शिंपी म्हणाला.

“कुणी पाहिलं?”

“एकटा राहतो हो. ताप बघायला कोण येणार?”

येणार नाही असा निरोप दिला होता का, असं बाईंनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. फोन करावा असं कुणी त्याच्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

“दुकानात मी दिवसभर लोकांना हात लावतो, मापासाठी,” तो म्हणाला. “मला कोणी हात लावतं ते फक्त तिथे, मैदानावर. पोरं, म्हातारी माणसं, सगळी येऊन मिठी मारतात. आणि खरं सांगू का बाई, मी नव्हतो तरी घुबड नाचलं, आणि कुणाला फरक कळला नाही. बंदीपेक्षा ते जास्त लागलं.”

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

मैदान ओस पडलं होतं. स्टँडच्या मागे चहाची टपरी, टपरीला लागून घुबडाची कोठी. कोठीची किल्ली टपरीतल्या खिळ्याला, कपबशांच्या आड टांगलेली असे. ही जागा शिंपी सोडून तिघांनाच ठाऊक होती : चहावाल्या मावशी, घोषणा देणारा टायरवाला आणि मंडळाचे अध्यक्ष गुरुजी. सामन्यानंतर घुबड आपल्या जागी नीट टांगलेलं होतं, कुलूप शाबूत होतं.

“डॉक्टर, आत शिरा,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर शिरले. घुबडाचे डोळे काचेचे, निव्वळ शोभेचे. बघायचं ते चोचीखालच्या जाळीतून. डॉक्टरांना बाईंच्या चपला दिसल्या, दाराचा उंबरठा दिसला, पलीकडे मैदानावरून चालत गेलेले कुणाचे तरी दोन पाय दिसले. वर बघायला मान उचलली तर घुबडाचं डोकं मागे घसरू लागलं. ते तसेच घुबडासकट कोठीबाहेर आले. चहाला आलेल्या एका अनोळखी माणसाने जाता जाता घुबडाच्या पाठीवर थाप मारली आणि तो पुढे निघून गेला. ही थाप पाठीवर किती दिवसांनी पडली, याचा हिशेब डॉक्टरांनी मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

मग बाईंनी तिघांना एकेकटं गाठलं.

मावशी सामन्याच्या वेळी टपरी बंद करून गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात एकट्या उभ्या राहत. टायरवाल्याचा त्या दिवशी घसा बसला होता, त्यामुळे तो वरच्या पायरीवर गप्प होता. गुरुजी नेहमीच टोकाच्या खांबाला टेकून उभे असत. खेळ चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. निवृत्त झाल्यापासून आणि बायको गेल्यापासून खेळ नसतानाही त्यांच्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं. थोडक्यात, तिघांपैकी एकाचीही साक्ष द्यायला कोणी नव्हतं.

घुबड बघत होतं हे तुम्हाला कसं कळलं, असं बाईंनी तिघांना विचारलं. तिघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. मग बाईंनी पेनल्टी कशी मारली ते विचारलं.

“वरच्या कोपऱ्यात, आडव्या दांड्याला घासून,” टायरवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मावशींच्या मते आपल्या गोलकीपरने चेंडू यायच्या आधीच डोळे मिटले होते.

गुरुजींनी वेळ घेतला. “मारणाऱ्याच्या पायात पिवळे बूट होते. डाव्या बुटाची नाडी लोंबत होती. वाटलं, अडखळेल. अडखळला नाही.”

“चेंडू कुठून गेला? वरून की खालून?”

“गेला,” गुरुजी म्हणाले. “एवढं खरं.”

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना टपरीवर बोलावलं. शिंपीही आला, पण स्टँडच्या हद्दीबाहेर उभा राहिला. डॉक्टर त्याला हाताला धरून आत घेऊन आले.

“घुबड मैदानाकडे बघत होतं,” बाईंनी सुरुवात केली, “हे ज्याने पाहिलं त्याची स्वतःची पाठ फिरलेली नव्हती. घुबड तुमच्या आणि मैदानाच्या मध्ये असतं.”

टायरवाल्याने कपात बघितलं. मावशींनी स्टोव्ह उगाच बारीक केला.

“म्हणजे बघत सगळेच होते. बहुधा दर वेळी बघतात. आणि प्रत्येकाला वाटतं की बघणारा आपण एकटाच.”

डॉक्टरांनी विचारलं, “मग त्यातलं घुबड कोण?”

“टायरवाल्यांनी चेंडू वर जाताना पाहिला. मावशींनी चेहरा पाहिला. घुबडाच्या आतून या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, हे तुम्ही स्वतः अनुभवलंत. आतून दिसतात ते पाय.”

कोणी गुरुजींकडे बघितलं नाही. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. शिंपी आला नव्हता, पोरं कठड्याशी खोळंबली होती, म्हणून पाच मिनिटांसाठी ते आत शिरले. मग मिठ्या सुरू झाल्या आणि पाच मिनिटं लांबत गेली. पेनल्टी मिळाली तेव्हा त्यांना वाटलं, बघतंय ते घुबड, आपण नव्हे. गोल झाला. तो सल काही केल्या जाईना. घुबडाने बघितलं, असं त्यांच्याच तोंडून निघून गेलं आणि नाव शिंप्याचं झालं. ते परत घ्यायला जीभ रेटली नाही.

“मी अध्यक्षपद सोडतो,” गुरुजी म्हणाले. “बंदी मला घाला.”

शिंप्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“राखाडी बूटवाल्या आल्या होत्या का?” त्याने विचारलं. “डावी टाच झिजलेली. सामना संपला की येतात, बराच वेळ धरून उभ्या राहतात.”

“लाल मफलरवाल्या आजी. स्टँडमध्ये नेहमी बघतो त्यांना. आल्या होत्या,” गुरुजी म्हणाले. “पण लगेच सोडलं मला. मग चोचीजवळ तोंड आणून म्हणाल्या, आज तुम्ही ते नाही. त्यांना बरं नाही का?”

शिंपी पुढे सरकला.

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“घुबड बोलत नाही. मी नुसती मान हलवली.”

शिंप्याने कोठीतून घुबडाचं डोकं आणलं, मांडीवर घेतलं आणि चोचीखालच्या जाळीवरून अंगठा फिरवला.

“पुढच्या हंगामाआधी ही बोटभर वर घेतो म्हणतो.”

“म्हणजे आता पेनल्टी दिसणार तुला,” टायरवाला म्हणाला.

“पेनल्टी नको,” शिंपी म्हणाला. “मफलर दिसला तरी पुरे. लाल आहे, हे मला आज कळलं.”