उशिरा लावलेला लाईट

यवतमाळच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाड उजेडाकडे वळतं, हे किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं असेल! म्हणून आमच्या फिशटँकमध्ये जे झालं, ते जसं पाहिलं तसंच सांगतो.

टँक कौसल्याचा, माझ्या बायकोचा. तीन फूट लांब, मासे मोजके, बाकी सगळी पाण्यातली झाडं. झाकणात एक जुनी, पिवळट ट्यूब होती. हृदयाचं दुखणं सुरू झाल्यापासून कौसल्या दिवसभर टँकच्या डाव्या काचेशी वेताच्या खुर्चीत बसून असायची.

"मागं काय चालून राह्यलं, काहीच दिसत नाही जी," ती म्हणायची. "तो लाईट बदलता काय? मले माह्यं लाल झाड पाहाचं आहे."

"उजेड वाढवला का शेवाळ धरते. अन् ते लाल झाड कधीचंच सडलं."

"नाही सडलं. पाहालच तुम्ही."

फेब्रुवारीत ती गेली. एप्रिलमध्ये मी एलईडी लाईट आणला. दोन वर्षं टाळलेलं काम वीस मिनिटांत झालं. बटण दाबलं, आणि मागच्या कोपऱ्यात, लाकडाच्या तुकड्याआड, बोटभर उंचीचं लाल रोप दिसलं. पानं कोवळी, टवटवीत.

आठवडाभरात सगळी झाडं डावीकडे झुकली.

लाईट बरोबर डोक्यावर होता. शेंडे सरळ वर जायला हवे होते. पंपाच्या धारेमुळे असेल म्हणून मी पंप बंद ठेवला. खिडकीचे पडदे ओढले. काही फरक पडला नाही. डावीकडे रिकाम्या खुर्चीशिवाय काही नव्हतं. शेवटी, स्वतःशीच ओशाळत, मी ती खुर्ची उजवीकडे नेली.

तिसऱ्या दिवशी झाडं उजवीकडे झुकलेली होती.

मे महिन्यात आमची मुलगी प्रेरणा आर्णीहून आली. टँकसमोर थबकली.

"बाबा, हे सारे झाडं खुर्चीकडं काहून वळले?"

मी झालं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती खुर्चीपासून दोन पावलं मागं सरकली. मग हळूच म्हणाली, "आईले काहून नाही लावून देल्ला हा लाईट?"

मी शेवाळाचं सांगणार होतो. पण टँकमध्ये शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता.

जाण्याआधी तिनं खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. "तिथंच राहू द्या, बाबा. तुम्ही घरात एकटे असता."

दोन दिवसांत झाडं सरळ झाली. पुस्तकातल्या आकृतीसारखी सरळ. मला बरं वाटायला हवं होतं. घर मात्र आणखीच रिकामं वाटायला लागलं. चौथ्या दिवशी लाल रोपाचं एक पान गळून पाण्यावर तरंगताना दिसलं, आणि मी गच्चीवर गेलो. खुर्ची उन्हानं इतकी तापली होती की हात लाववेना. ओल्या फडक्यानं पुसली, खाली आणली आणि डाव्या काचेशी, तिच्या जुन्या जागी ठेवली.

दुपारी वीज गेली. कूलर थांबला, टँकवरचा लाईट विझला. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन होतं, घरात कढत, कोरडी हवा. मी खुर्चीशेजारी फरशीवर बसलो.

"तुह्यं खरं होतं, कौसल्या," मी म्हणालो. "आहे ते झाड. माह्यंच चुकलं."

खुर्चीसमोरच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, वाटीएवढी वाफ धरली. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

माझाच श्वास असेल, असं आधी वाटलं.

मी श्वास रोखला.

वाफ हळूहळू विरली. काच स्वच्छ झाली.

मग पुन्हा धरली.