सुट्टीनंतरचं भाषण

खोटं वाटत असेल तर पुढे वाचू नका. कोणाची मनधरणी करायला मी बसलेली नाही. शाळा चौथीत सुटली माझी, पण डोळे अजून शाबूत आहेत.

शिलाईच्या कारखान्यात माझी हयात गेली. आता सूनबाई तिथे शिवते आणि मी हॉल उघडते, बंद करते. मुलाचं काम सुटलंय. घर चालतं ते तिच्या पगारावर.

मालक म्हणाले, सगळ्या बायांसमोर उभं राहून जी काम नीट समजावून सांगेल, तीच नवी सुपरवायझर.

आणि आमची सूनबाई… चारचौघांत पाणी मागायलाही लाजणारी.

"आई, माझे पाय लटपटतात हो."

"लटपटू देत. बोलायचं तोंडाने आहे."

मग रोज संध्याकाळी सुट्टी झाली की आम्ही दोघी हॉलमध्ये थांबायला लागलो.

आमच्याकडे घरी जाताना प्रत्येक बाई आपल्या मशीनवर कापड टाकते. मशीन उघडी असली, तर समजायचं बाई येतेय. म्हणून मी सगळी कापडं काढली. हॉल भरलाय असं तिला वाटावं, एवढाच हेतू.

मागच्या रांगेतल्या जुन्या मशीनचीही काढली.

त्यांच्यावर शिवणाऱ्या बाया आता या जगात नाहीत.

पहिल्या दिवशी सूनबाई शेळीसारखी में-में करत होती. मग हळूहळू आवाज सुटला. मान वर आली. मी पुढे बसायचे, पण ती बघायची माझ्या डोक्यावरून… मागे.

एकदा बोलता बोलता थांबली. मान हलवली. मग म्हणाली, "आधी मशीन बंद करायची, मग सुई बदलायची."

"कोणाला सांगतेस?"

"मागच्या बाईंनी विचारलं ना."

मी वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

फक्त एका मशीनचं चाक… अजून फिरत होतं. मेन स्विच मी स्वतः बंद केला होता.

त्याच दिवशी मागच्या रांगेवर पुन्हा कापडं टाकली. सकाळी बघते तर… घड्या घालून बाजूला ठेवलेली.

भाषणाच्या दिवशी सूनबाई अशी बोलली, की मालकांनी चहा तसाच थंड होऊ दिला. सुपरवायझर झाली. पगार वाढला. मी म्हटलं, सुटलो.

कसलं काय. सुट्टीनंतर ती थांबतेच. डोळ्यांखाली काळं झालंय, घरी येते ती भिंतीला धरून.

"आता कशाला मरायला थांबतेस गं? झालीस ना मोठी बाई?"

भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही बोलले, तर त्या घरी येतो म्हणतात."

मी उठून दाराची कडी लावली. घरात लहान नात आहे.

आज सूनबाईला ताप आहे. उठवत नाही तिच्याने.

म्हणून सुट्टीनंतर मीच उभी राहिले, रिकाम्या हॉलसमोर. मला कुठलं भाषण येतंय? भाजी काय केली ते सांगितलं. गुडघे दुखतात ते सांगितलं. मुलाच्या नावाने बोटं मोडली. शब्द संपले तेव्हा निघायला वळले…

मागे खुर्ची सरकली.

पुन्हा उभी राहिले. घसा बसेपर्यंत बोलले.

आता घरी आलेय. सगळे झोपलेत.

उद्या काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.