संजाच्या गाडीतली रिकामी जागा

आधीच सांगते, यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. असल्या पेजवरच्या गोष्टी वाचून मीपण जाम हसायचे. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीबरोबर घडलंय, किमयाताईबरोबर. तिच्या गळ्याभोवतीचा वळ मी स्वतः पाहिलाय.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. धार जिल्ह्यातलं निसरपुर. वेळ दिवेलागणीची.

रात्र नव्हती, हे ध्यानात ठेवा. आभाळात उजेड होता आणि मैदान माणसांनी गच्च भरलं होतं.

किमयाताई देवासची. तिचा ‘लवंगी’ नावाचा ग्रुप होता. कॉलेजचं गॅदरिंग असो की नवरात्राचा गरबा, आमच्या मालव्यात जिथे तिथे लवंगीच. तीन मुली पुढे उभ्या राहून गायच्या: किमयाताई, विनीता आणि गुड्डी. साउंडला अर्पित. तो तर मुलींनाही ‘भिया’च म्हणायचा, म्हणजे भाऊ.

तिघींत आवाज खरा गुड्डीचा. ती मूळची निसरपुरची. धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि ही मामाकडे देवासला आली. ती गायला लागली की जेवणाऱ्याचा घास हातातच राहायचा.

लवंगीला नाव मिळालं ते तिच्याच गाण्यानं. पितृपक्षात आमच्याकडे कुंवार पोरी भिंतीवर शेणाची संजा मांडतात, तिला फुलं-चमकी लावतात आणि दिवेलागणीला तिच्यापुढे गाणी म्हणतात. संजा म्हणजे लाडाची लेक. अमावस्येला तिला गाडीत बसवून सासरी बोळवायची. म्हणजे काय, तर सगळं खरवडून पाण्यात सोडायचं.

गुड्डीनं शक्कल लढवली. भिंतीऐवजी प्लायवुडच्या बोर्डावर संजा मांडली. चंद्र-सूर्य, शिडी, ढोल वाजवणारा ढोली, पाय वर करून टांगलेला चोर आणि मधोमध बैलगाडी. गाडीत संजा बसलेली. सगळं वाळलं तसं वरून वार्निश मारलं. तो बोर्ड मागे लावून तिघींनी व्हिडिओ काढला आणि गाणं असं सुटलं की विचारू नका.

“गाडी हळू हाक रे, सांज सरली, सासर दूर… माझी वेणी अजून ओली…”

मग प्रत्येक शोला स्टेजच्या मागे तोच बोर्ड. पाण्यात सोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विनीताची आई, रुक्मिणीकाकू, तेवढ्या पहिल्यापासून म्हणत होत्या की मांडलेली संजा बोळवायची असते, अशी गावोगाव मिरवायची नसते.

कोण ऐकतंय.

गुड्डीचं लग्न धामनोदच्या भूपेंद्रशी झालं. हायवेला त्याचा मोठा ढाबा. वरातीत लोकांनी आग्रह केला, म्हणून नवरीनं माइक घेतला आणि एक ओळ गायली. भूपेंद्रनं हसत हसत तिच्या हातातून माइक काढून घेतला…

आणि तोच तिच्या तोंडावर मारला.

सगळ्यांच्या देखत. पुढचा दात अर्धा तुटला, शालूवर रक्त सांडलं. त्याचे भाऊबंद म्हणाले, मज़ाक में लग गई. बँड पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून गुड्डीच्या ‘स’मधून शीळ निघायची. फोनवर ती किमयाताईला हसून म्हणाली होती, “सासर म्हटलं की शिट्टी वाजते बघ आता.”

त्याच वर्षी श्रावणात ती निसरपुरच्या धरणाच्या पाण्यात सापडली. पाय घसरला म्हणे. बायका तिला न्हाऊ घालत होत्या तेव्हा किमयाताई शेजारीच उभी होती. गुड्डीच्या गळ्याभोवती बारीक निळी रेघ होती. वायरीची असते तशी. सगळ्यांनी पाहिली. बोललं कुणीच नाही.

आणि लगेचच्या पितृपक्षात निसरपुरला संजा महोत्सव ठरला. लवंगीला बोलावणं आलं. महोत्सवाचा मुख्य माणूस कोण?

भूपेंद्र.

विनीतानं साफ सांगितलं की त्या माणसाच्या स्टेजवर मी थुंकायलाही चढणार नाही. पण किमयाताईची गोष्ट निराळी होती. शरदकाकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, तिला शेवटचं बजावलं होतं: या खेपेला काही झालं तर झालं, नाहीतर ग्रुप बंद आणि गुमान बी.कॉम. महोत्सवाला इंदौरच्या म्युझिक कंपनीची माणसं येणार होती. हा एक शो हातचा गेला की लवंगी संपली. तिनं विनीताला दोन दिवस मनवलं. शेवटी ठरलं की शो करायचा आणि तिथेच, गुड्डीच्या गावच्या पाण्यात, संजा बोळवायची.

दुपारी टेम्पो निघाला. धार सोडलं…

आणि ओल्या शेणाचा वास यायला लागला.

ताज्या, नुकत्या कालवलेल्या शेणाचा. अर्पितनं दोनदा उतरून चाकं पाहिली. काही नव्हतं. मग विनीतानं मागे बोट दाखवलं. चादरीत गुंडाळलेल्या बोर्डाखाली पाणी साचलं होतं.

थेंब… थेंब… थेंब.

कुक्षी मागे पडलं तरी ते थांबेना.

मैदानावर चादर सोडली. चंद्र होता. सूर्य होता. ढोली, शिडी, चोर, सगळं जागच्या जागी. बैलगाडीपण होती.

गाडीत संजा नव्हती.

तुटून पडलेली नव्हती. चादरीत कण नाही, टेम्पोत चूर नाही. तिच्या जागी प्लायवुड स्वच्छ होतं, कुणी ओल्या हातानं पुसून घ्यावं तसं. वार्निशला मात्र साधा चरादेखील गेला नव्हता.

विनीता हळूच म्हणाली, “ती उतरलीये, किमया. चल परत.”

किमयाताई परतही फिरली असती. पण समोर पहिल्या रांगेत इंदौरची माणसं बसायला लागली होती. तिनं बोर्ड साखळीला लावायला सांगितला. स्टेजच्या वर लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा, म्हणजे ट्रस होता आणि मोटरवर चढणाऱ्या साखळीनं तो बोर्ड उचलला जायचा.

गुड्डी गेल्यावरही लवंगीच्या स्टेजवर तीनच माइक लागायचे. तिसऱ्याला लाल चुनरी बांधलेली. गुड्डीचा आवाज आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरून वाजायचा. किमयाताईनंच तसं ठरवलं होतं.

साउंड चेक सुरू झाला. पहिला माइक ठीक. दुसरा ठीक.

तिसऱ्यातून श्वास आला.

लांब… ओला… घशात पाणी अडकावं तसा.

“दीदी, ये तो म्यूट है,” अर्पित म्हणाला. भिया नाही, दीदी. तो आयुष्यात पहिल्यांदा तिला दीदी म्हणाला होता. त्यानं जाऊन तिसऱ्या माइकची वायरच काढली आणि टोक जमिनीवर टाकलं.

श्वास तसाच चालू होता.

त्यामागून अगदी दुरून बैलांच्या घुंगरांचा आवाज… पाण्याच्या बाजूनं.

दिवेलागण झाली. लवंगीचं नाव पुकारलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि किमयाताईनं गाणं उचललं. पहिलं कडवं झक्कास झालं. इंदौरचा एक जण मोबाईल काढून शूट करायला लागला, ते तिनं पाहिलं आणि क्षणभर सगळं विसरली.

तेवढ्यात भूपेंद्र स्टेजवर आला.

पांढरा कुर्ता, गळ्यात झेंडूचा हार. बायकोला श्रद्धांजली द्यायची होती म्हणे. अर्पितनं त्याच्यापुढे वेगळा माइक केला, तर तो सरळ तिसऱ्याकडे गेला. चुनरी सोडली आणि खिशात कोंबली.

“मेरी गुड्डी का माइक है. मैं ही बोलूँगा.”

त्यानं तोंड उघडलं…

आणि गुड्डी गायली.

“गाडी हळू हाक रे, सांज सरली, सासर दूर…”

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, ट्रॅक लागला. किमयाताईनं अर्पितकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात वर होते. मी कशालाच हात लावलेला नाही, असं दाखवत होता तो.

आणि ‘सांज’मध्ये शीळ होती. ‘सरली’त शीळ. ‘सासर’मध्ये दोनदा.

ट्रॅकवरची गुड्डी लग्नाआधीची होती. तिचे दात शाबूत होते.

हा आवाज नंतरचा होता.

भूपेंद्रचे डोळे बाहेर आले होते. तो माइक फेकायला बघत होता, पण बोटं सुटत नव्हती. त्याचा हात मागे गेला…

आणि माइक त्याच्याच तोंडावर बसला.

खाड्.

किमयाताईच्या गालावर काहीतरी टणकन लागलं. तिनं खाली पाहिलं. दात होता.

पुन्हा. पुन्हा. प्रत्येक घाव स्पीकरमधून अख्ख्या मैदानावर घुमत होता. पुढे बसलेल्या बायकांनी पोरांची तोंडं पदरात दाबली. ओठ फाटले, नाक चेपलं, हाराची फुलं लाल झाली. आणि त्या फुटलेल्या तोंडातून गाणं चालूच होतं, एक सूर न ढळता.

किमयाताईला किंचाळायचं होतं. ती गायची थांबली…

गळ्याभोवती वायर आवळली गेली.

हात लावला तर काहीच नाही. पण श्वास बंद. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं घुसमटतच पुढची ओळ म्हटली आणि फास सैल झाला. थांबली की आवळायचा. गायली की सुटायचा. मग ती गातच राहिली. रडत, रक्ताचे शिंतोडे अंगावर घेत.

विनीता खाली उडी मारून पळाली. पळता पळता तिनं वळून पाहिलं, म्हणून पुढचं दोघी सारखंच सांगतात.

माइकच्या वायरीचं मोकळं टोक हललं. कुणी दोर ओढून घ्यावा तसं ते सरपटत भूपेंद्रच्या पायाशी आलं. घोट्याला एक वेढा. वरची मोटर आपोआप सुरू झाली. बोर्डाशेजारची मोकळी साखळी उतरली, वायरीत अडकली आणि चढायला लागली.

भूपेंद्र उलटा वर गेला. बोर्डासमोर लटकत राहिला, पाय वर, डोकं खाली.

चोर लटकत होता ना, अगदी तसा.

वायरीचा दुसरा वेढा त्याच्या गळ्यात होता. साखळी झोके घेत होती आणि प्रत्येक झोक्याला त्याचं डोकं लोखंडी खांबावर आदळत होतं. तालात. गाण्याच्या तालात.

“माझी वेणी अजून ओली…”

शेवटची ओळ झाली. त्याची मान एकदाच कडकन वाजली.

मग सगळं गप्प.

पोलीस म्हणाले की मोटर शॉर्ट झाली आणि वायर अडकली. माणूस प्यायलेला होता. मग दात कुणी पाडले, यावर त्यांनी काही लिहिलं नाही.

त्या गोंधळात, उजेड पुरता जायच्या आत, किमयाताई आणि विनीता बोर्ड घेऊन पाण्याशी गेल्या. गाडी अजून रिकामीच होती. विनीता घाई करत होती, सोड आणि मोकळी हो. किमयाताई गुडघाभर पाण्यात उतरली, बोर्ड टेकवला…

घुंगरं वाजली. जवळ. अगदी जवळ.

आणि बोर्ड तिच्या हातात थरथरायला लागला. मारायला उचललेला हात पाहून बाईमाणूस थरथरतं ना, तसा.

किमयाताई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “विनीता, आपण हिला कुठे धाडतोय?”

विनीता घाई करायची थांबली.

“सासरीच ना? पुन्हा तिथेच?”

तिनं बोर्ड उचलला, पदराखाली लेक घ्यावी तसा ओढणीखाली घेतला आणि मागे न बघता टेम्पोत जाऊन बसली. घुंगरं बराच वेळ पाण्यावर वाजत राहिली. संजाला न्यायला आलेली बैलगाडी भरलीच नाही, रिकामी परत गेली असावी.

देवासला आल्यावर चादर सोडली. बैलगाडी रिकामी. पण बोर्डावरच, गाडीच्या खाली, संजा उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बाहुल्या, ज्या गुड्डीनं कधी केल्याच नव्हत्या. तिघी हातात हात धरून. आणि वर टांगलेल्या चोराच्या तोंडाच्या जागी भोक पडलं होतं.

इंदौरच्या माणसानं काढलेला त्या शोचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्यानंतर लवंगीला कोण थांबवणार? इंदौरच्या कंपनीनं स्वतःहून फोन केला. शरदकाका आता बी.कॉम.चं नाव काढत नाहीत. विनीता मात्र परत गायली नाही. तिनं ग्रुप सोडला त्या दिवशी एका टोकाची बाहुली आपोआप गळून पडली.

तिच्या जागी कोण आलं माहितीये?

मी.

किमयाताईनं स्वतः निवडलंय मला. माझा आवाज वरच्या पट्टीत काचेसारखा लागतो, असं सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. पाठांतर झालंय, ड्रेस आलाय. शाळेत तर नुसती हवा आहे माझी.

काल प्रॅक्टिसला लवकर गेले. किमयाताई आली नव्हती. बोर्डावरची चादर थोडी सरकली होती, म्हणून नीट करायला गेले…

संजाच्या शेजारच्या रिकाम्या जागी नवी बाहुली होती.

दोन वेण्यांची. आमच्या शाळेत दोन वेण्या कंपल्सरी आहेत. किमयाताईकडे येणाऱ्यांत दोन वेण्या माझ्याच.

बोट लावून पाहिलं. शेण ओलं होतं.

किमयाताईला अजून सांगितलं नाहीये. सांगितलं तर ती शो रद्द करेल… आणि कुक्षीचा शो पुढच्याच आठवड्यात आहे.