परत न आलेला कागद

रक्ताचा एक थेंब दिला की माणूस कशाने गेला ते मृत्युवाचक यंत्र सांगते, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शरीर थांबताना प्रत्येक अवयव आपली काही प्रथिने रक्तात सोडतो. त्या खुणा वाचून कोणता अवयव आधी हरला ते यंत्र ठरवते. डॉक्टरने दाखला लिहायचा, यंत्राने तपासायचा आणि दोघांचे जमले नाही तर यंत्राचे खरे धरायचे, असा कायदा होऊन सहा वर्षे झाली होती.

न जमलेले दाखले तपासायला डॉ. मृण्मयी पिंगळे यांच्याकडे येत. संशय घेणे हे त्यांचे कामच होते आणि खरे सांगायचे तर स्वभावही. निहार थोसर नावाच्या तरुण डॉक्टरचे एकोणीस दाखले वर्षभरात अडले, तेव्हा त्यांनी कान टवकारले. एकोणीसही माणसे घोणसवाडीची. यंत्र म्हणे हृदय, थोसर लिही मूत्रपिंडे निकामी, विहिरीच्या पाण्यातले विष. वाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा जुना कारखाना होता. त्याच्यावर डूख धरणाऱ्या कुणीतरी या पोराला हाताशी धरले आहे, पाणी कुठेतरी मुरते आहे, अशी बाईंची खात्रीच झाली.

त्यांनी थोसरला बोलावले. तो विसावा दाखला घेऊन आला आणि मृताच्या बायकोलाही, श्रावणी घोंगडेला, सोबत घेऊन आला. साक्षीदार पढवून आणलाय, बाई मनात म्हणाल्या. कुणाच्या सांगण्यावरून लिहितोस, असे त्यांनी तोंडावर विचारले. तो चिडला नाही, त्यामुळे त्यांचा संशय वाढलाच. खुणांचा अर्थ यंत्राला शिकवला कुणी, असे त्याने उलट विचारले. बाईंना उत्तर पाठ होते. रुग्णालयांनी तीस वर्षे जपलेले मृतांच्या रक्ताचे नमुने आणि प्रत्येकाला जोडलेला दाखला. यंत्राने रक्त पाहिले, दाखला वाचला आणि कोणत्या खुणेला काय म्हणायचे ते ठरवले.

"ते दाखले आपणच लिहिलेत ना, मॅडम?" थोसर म्हणाला. "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. दिवा विझला एवढंच लिहिलं, तर तो का विझला ते यंत्राला कसं कळणार?"

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात मिळालेला सल्ला बाईंना आठवला. हृदय लिही, कागद परत येत नाही. दुसरे काही लिहिले की नोंदणीवाले रिपोर्ट मागत आणि खाली नातेवाईक देहासाठी ताटकळत बसत. त्यांना लाज वाटली, पण संशय काही हटेना.

"मला कागदातलं कळत नाही, बाई," श्रावणी म्हणाली. "घरात दोन पोरं हायती. त्या हिरीचं पाणी त्यांना पाजू का नको, तेवढं सांगा."

"नका पाजू," बाई म्हणाल्या.

"मग काय पाजू?"

मान्य झालेल्या दाखल्यावर पाणी हे कारण आल्याशिवाय विहीर बंद होणार नव्हती आणि वाडीला दुसरे पाणी मिळणार नव्हते.

तपासनीसाला यंत्राकडे त्याच्या निर्णयाचा आधार मागता येई. बाईंनी तो मागितला. श्रावणीच्या नवऱ्याच्या रक्ताशी तंतोतंत जुळणारा एक जुना नमुना यंत्राने पुढे केला. सन २०३८, घोणसवाडी, रामदास घोंगडे. कारण, हृदयक्रिया बंद पडणे.

"ह्ये माझं सासरं," श्रावणी म्हणाली. "मी न्हाई बघितलं त्यांना. मालक बारा वर्साचं व्हतं तवाच गेलं ते."

खाली सही होती. सव्वीस वर्षांपूर्वीची, घाईत केलेली, मृण्मयी पिंगळे यांची.

विसाव्या दाखल्यावर बाईंनी स्वतः मूत्रपिंडे निकामी असे लिहिले, विहिरीचे पाणी लिहिले, सही केली आणि तो यंत्रात सरकवला. पडद्यावर उत्तर यायला वेळ लागला नाही.

"दाखला अमान्य. याच डॉक्टरांचा २०३८ चा दाखला अधिक विश्वसनीय आहे. तो आजवर एकदाही परत आलेला नाही."