वायरवालीची दोरी

वरच्या भाडेकरूंचं काम आटोपून वायरवाली जिना उतरत होती. शेवटच्या वळणावर एक माणूस पायरीवर मांडी घालून, लॅपटॉपमधल्या मुलांना अपूर्णांक शिकवत बसला होता. तिच्या हत्यारांच्या पिशवीचा त्याच्या खांद्याला चांगलाच धक्का बसला.

"घरात जागा नाही का, मास्तर?"

"जागा आहे हो... नेट नाही. मागच्या खोलीत बसलो की माझा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकतो. मुलं त्याचे फोटो काढतात."

तिला हसू आवरेना. "पुढच्या खोलीतून तुमच्या टेबलापर्यंत भिंतीतून केबल टाकून देते."

"भिंतीतून?" त्याने आवाज खाली आणला. "भिंती माझ्या बाबांच्या आहेत."

म्हणजे काय, ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बाबा जन्मभर गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. वीस वर्षांत गिलाव्याला केसाएवढी भेग नव्हती, आणि हे दारात येईल त्याला ऐकवल्याशिवाय ते आत घेत नसत.

"छिन्नी लागायची नाही," त्यांनी बजावलं. "मी तेव्हाच भिंतीत रिकामा पाइप पुरून ठेवलाय. त्यातून ओढ."

ती तरी कुठे कमी होती? वडिलांकडून हत्यारांबरोबर ताठ मानही तिने वारशात घेतली होती.

मास्तर तिच्या पिशवीतलं दोरीचं रीळ निरखत म्हणाला, "आणि ही कशाला?"

"केबलसोबत पाइपात एक दोरी सोडून ठेवतात. पुढे आणखी वायर ओढायची झाली तर कामाला येते. पण मी सोडत नाही. मी केलेल्या कामाला पुन्हा यावं लागत नाही."

"कधीच... नाही?"

"कधीच नाही."

त्याचा चेहरा पुन्हा अडकला. या वेळी नेटचा काही दोष नव्हता. तिने ते पाहिलं, आणि उगाचच पिशवीत पक्कड शोधत राहिली.

मग तिने वायर ओढायची लांब लवचीक पट्टी पाइपात सारली. अर्ध्यात गेली, आणि थांबली. दुसऱ्या खोलीतून सारली, तरी तेच.

"काका, पाइप आत बंद आहे."

"माझा पाइप?" बाबा ताडकन उठले. "तुझा हात कमी पडतोय, तसं सांग. उद्या गल्लीभर सांगतो, वायरवालीला जमलं नाही म्हणून!"

तिला ते झोंबलं. तिचं पोट गल्लीतल्या नावावर चालत होतं. पट्टी दोन्ही बाजूंनी किती आत गेली ते तिने मोजलं, दोनदा मोजलं, आणि भिंतीवर पेन्सिलीने एक फुली मारली.

"इथे. जोडातून सिमेंट आत गेलंय. वीतभर गिलावा फोडा. बोटभर जरी चुकले, तर ही पिशवी इथेच ठेवून जाईन."

बाबांनी मुलाकडे पाहिलं.

"फोडा, बाबा," मास्तर शांतपणे म्हणाला. "चुकलं तर मी जन्मभर जिन्यात शिकवीन. पण त्या चुकणार नाहीत."

छिन्नी बाबांनी स्वतःच हातात घेतली. चार घाव, आणि फुलीच्या बरोबर खाली पाइपाचा जोड. त्यात सिमेंटचा कवडीएवढा गोळा. बाबांनी तो तळहातावर घेतला. अंगठ्याने फिरवून पाहिला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पण जागा काय हेरलीस, पोरी! दुसरा असता तर अख्खी भिंत सोलली असती."

"दुसऱ्याची भिंत असती, काका, तर वीस वर्षांत आपणहून सोलली असती."

बाबा मिशीत हसले. तिला फार अभिमान वाटला.

तिने नवा जोड बसवला. मास्तर पट्टी घेऊन मागच्या खोलीत गेला, ती पुढच्या खोलीत पाइपाच्या तोंडाशी बसली. "पाइप मोकळा झाला का बघू," ती ओरडली. "फुंका!"

फुंकर आली नाही. आवाज आला, अगदी कानाशी. "ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग केबल जरा... हळू टाका ना."

"का?"

"ती लागली की तुम्ही येणार नाही. आणि मला वाटतं, तुम्ही यावं. काही बिघडलेलं नसतानाही यावं. मला तुम्ही... खूप आवडलात."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागे बाबा गिलाव्याचा माल कालवत होते.

"मीही ऐकतोय रे!" ते पाइपाकडे तोंड करून गरजले. मग तिला म्हणाले, "उत्तर दे बाई त्याला. माझा माल सुकतोय."

"आधी पट्टी सारा," ती पाइपात म्हणाली. मास्तरने सारलेली पट्टी पाइपातून बाहेर आली, तिच्या टोकाला तिने केबल बांधली. मग पिशवीत हात घालून रीळ काढलं, आणि केबलशेजारी दोरीची पक्की गाठ मारली.

"ओढा, मास्तर."

सरसर केबल गेली. मग पाइपातून चाचरत आवाज आला, "ही... दोरी?"

"राहू दे आत," ती म्हणाली. "मला पुन्हा यायचंय."