पांढऱ्या लोकरीचं पिल्लू

लाकडी पेटी एक. तिच्यावर टांगलेला उबेचा लाल दिवा एक. खाली जुन्या चादरी दोन. चादरींवर मिरी, आणि मिरीच्या पोटाशी पिल्लं सात.

सात. मी स्वतः मोजली होती, दोनदा.

आकडा आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मी जीवशास्त्र शिकलेली मुलगी आहे. भुताखेतांच्या गोष्टी मीही वाचते, करमणूक म्हणून. ही तशी नाही. ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली. आणि अंधारात नाही...

सकाळच्या लख्ख उजेडात, वजनकाट्यावर.

मावशी कुत्र्यांची पैदास करते. एकटीच राहते. मनगट मोडलं म्हणून तिने मला मदतीला बोलावलं, कारण मिरी व्यायला आली होती. मिरी म्हणजे तिची काळी लॅब्राडोर. मी लहान असताना आई आजारी होती, तेव्हा दोन वर्षं मावशीनेच मला सांभाळलं. तिने बोलावलं आणि मी गेले नाही, असं होणं शक्य नव्हतं.

सगळी पिल्लं काळी. ओळखू यावीत म्हणून मावशी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधते. लाल, पिवळी, हिरवी... सगळ्यात लहान पिल्लाला पांढरी.

पांढऱ्याचं वजन भरलं दोनशे चाळीस ग्रॅम. बाकीची चारशेच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं पिल्लू पेटीच्या कोपऱ्यात होतं. मिरीने नाकाने बाजूला सारलेलं. मी हातात घेतलं. गार लागलं, पण हलत होतं.

"मावशी, हे परत लावू का तिला?"

"नको. आईनेच सारलंय. तिला कळतं कोण जगणार ते. उगाच बाकीच्यांचं दूध तोडायचं."

"मग याचं काय?"

"आण इकडे."

तिने बुटांचं रिकामं खोकं घेतलं. पिल्लू आत ठेवलं. झाकण लावलं. खोकं मागच्या खोलीत ठेवून दार ओढून घेतलं. हे सगळं एका हाताने, सवयीने.

"शास्त्रज्ञबाई, तोंड पाडू नका," ती म्हणाली. "सगळे असंच करतात."

मागच्या खोलीतून बारीक आवाज येत राहिला. दुपारपर्यंत.

मग नाही आला.

संध्याकाळी मावशीने खोकं घराच्या मागे पुरलं. लोकर काढली नाही.

त्यानंतर मी सहा पिल्लं रोज तोलू लागले. मावशीची ती शिस्तच आहे. वजन वाढलं तर दूध मिळतंय, नाही वाढलं तर नाही. मी त्यात माझी भर घातली. एकेक पिल्लू तोलून झालं की सगळी एका टबात घालून पुन्हा तोलायची. बेरीज जुळली पाहिजे. प्रयोगशाळेत लागलेली खोड.

पहिल्याच सकाळी सहा वजनांची बेरीज आली दोन किलो सहाशे चाळीस.

टबाचं वजन आधीच वजा केलेलं होतं. टब ठेवला.

दोन किलो आठशे ऐंशी.

मला वाटलं, बेरीज चुकली. पुन्हा केली. काट्यावर साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर. टब पुन्हा ठेवला. पिल्लं मोजली, बोट लावून. सहा.

दोन किलो आठशे ऐंशी.

पिल्लं गारठायला लागली, म्हणून टब उचलून मिरीच्या पोटाशी रिकामा केला. मग वजाबाकी केली. फरक दोनशे चाळीस ग्रॅम.

"काटा बिघडलाय की गणित?" मावशी चहा पिता पिता म्हणाली.

"दोन्ही ठीक आहेत."

"मग डोकं. झोप जरा."

दुसऱ्या दिवशी फरक दोनशे पंचावन्न. मग दोनशे ऐंशी. मग तीनशे वीस...

तो वाढत होता. दूध पिणारं पिल्लू वाढतं, तसा.

मी मावशीला सांगणं बंद केलं. बघणं मात्र बंद करता येईना.

मिरी कुशीवर झोपायची. सहा पिल्लं पोटाला चिकटलेली. पण सलग नाही. मागच्या पायाजवळ नेहमी एक फट असायची, बरोबर एका पिल्लाएवढी. मी दुसरं पिल्लू तिथे सरकवून पाहिलं. ते कुरकुरत, पोटावर घसटत लांब गेलं. तिसऱ्यानेही तेच केलं.

मी थर्मामीटर आणला. दिव्याखाली चादर तीस अंशांवर होती.

त्या फटीत... चौदा.

आणि तिथलं आचळ ओलं होतं. ताजं. टोकाला दुधाचा थेंब.

तिसऱ्या आठवड्यात मिरी खंगली. मी तिला उचलून मोठ्या काट्यावर उभी राहायचे, मग एकटी उभी राहायचे आणि वजाबाकी करायचे. रोज ती थोडी हलकी भरायची. खाणं दुप्पट केलं, तरीही. एका सकाळी तिचे पाय थरथरायला लागले. मग मान. डोळे एका जागी थांबले.

जनावरांचे डॉक्टर आले. कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू दिलं, तेव्हा थरथर कमी झाली.

"अंगातलं सगळं दुधात गेलंय हिच्या. पिल्लं किती?"

"सहा," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी मिरीचं पोट तपासलं. मागच्या आचळापाशी त्यांची बोटं थांबली. तिथे कातडी सोलवटली होती.

"सहा? हे तर कुणीतरी दिवसभर सोडतच नाहीये. एखादं जास्तीचं आहे का? लहानसं?"



"सात होती," मी म्हणाले. "एक आईने बाजूला सारलं."

"गार लागत होतं?"

"हो."

"गार पिल्लाला ती सारतेच. तिला ते मेलेलंच वाटतं. अशा वेळी छातीशी धरून ऊब द्यायची आणि परत लावायचं. लगेच घेते. अशक्त असतं असं काही नाही." त्यांनी आपली औषधांची बॅग आवरायला घेतली. "असो. आता बाकीची बाटलीवर टाका. हिच्या जवळ एकही नको. अजून दूध ओढलं गेलं तर ही वाचायची नाही."

डॉक्टर गेल्यावर मावशी बराच वेळ दारात उभी होती.

"इतकी वर्षं मी..." ती म्हणाली.

 अशी खोकी किती, तो आकडा मी विचारला नाही.

सहाही पिल्लं आम्ही बैठकीच्या खोलीत आणली. मिरीच्या खोलीचं दार बंद केलं. मी बाटल्या तयार करत होते. घरात शांतता होती. पिल्लं पिऊन झोपली होती, सगळी, माझ्यासमोर.

आणि आवाज आला.

चुक... चुक... चुक...

बारीक, ओला, घाईचा. पिल्लू दूध ओढतं तो आवाज. इतके दिवस ऐकलेला, चुकणं शक्य नाही.

बंद दारामागून.

मी दार उघडलं. दुपारचं ऊन थेट पेटीत पडलं होतं. मिरी कुशीवर पडली होती, एकटी. तिची मान वळलेली होती आणि जीभ चालू होती. ती मागच्या पायाजवळची मोकळी हवा चाटत होती. हळूहळू, मन लावून.

तिथलं आचळ ताणलं जात होतं.

ताणायचं... सुटायचं. ताणायचं... सुटायचं.

मी हात घातला. इतका गार पडला की झटक्यात मागे घेतला. मिरी माझ्याकडे बघून गुरगुरली. ती माझ्यावर कधीच गुरगुरली नव्हती.

मग तिला वाचवायला आम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं. पोटाला पट्टा बांधला. तो सुटलेला मिळायचा. जागा बदलली. फटही तिच्यासोबत गेली. डॉक्टर पुन्हा दोनदा येऊन गेले.

मिरी गेली ती सकाळी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. तेव्हाही तिने मागचा पाय वर उचलून धरला होता. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

सहा पिल्लं बाटलीवर वाढली. धडधाकट झाली. द्यायचं वय झालं तशी एकेक करत सहा घरी गेली. पेटी धुतली, उन्हात वाळवली, दिवा काढला. माझं काम संपलं होतं. मी बॅग भरायला घेतली.

पण मावशी मला बरी दिसत नव्हती.

कपडे अंगावर लोंबायला लागले होते. गालांची हाडं वर आली होती. खायची माझ्यापेक्षा जास्त. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायची, हात मांडीवर. उजवी तर्जनी जरा पुढे केलेली.

"मावशी, बोट दाखव."

"काय बघायचंय त्यात?"

टोक पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं. तासन्‌तास पाण्यात भिजल्यासारखं.

"भांडी घासतेस का इतकी?"

"हो ना, लग्नघर आहे आपलं," ती हसली. मग म्हणाली, "खिडकी लाव. मांडी गार पडते."

बाहेर कडक ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी बसून लोकर कापत होती. पांढरी. आधी एक वेढा केला, दोन बोटं घालून पाहिला, मग सोडून आणखी मोठा केला.

पिल्लांची मान भरते तशी लोकर बदलावी लागते. नाहीतर गळ्याला काचते. हे मला तिनेच शिकवलेलं.

"मावशी... पिल्लं सगळी गेली ना?"

"हं."

"मग हे कुणाला?"

तिने वर पाहिलं नाही. "जुनी काचत असेल आता," ती म्हणाली.

मी तिला त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे नेणार होते. तिने ऐकलं नाही. निदान वजन तरी कर, म्हणून मी हट्ट धरला. तिच्या कपाटात मागच्या वर्षीच्या तपासणीचा कागद होता, त्यावर वजन होतं अठ्ठावन्न किलो. किती घटलं ते कळलं असतं, तिलाही पटवता आलं असतं.

"तुझा काट्यावर फार जीव," ती म्हणाली. पण उठली.

मोठा काटा मी हॉलमध्ये, खिडकीच्या उजेडात ठेवला. आधी मी उभी राहिले. माझं वजन नेहमीचं. उतरले. शून्य.

मावशी आली. सावकाश, पायात काही येऊ नये तशी पावलं टाकत. काट्यावर चढली.

अठ्ठावन्न किलो शंभर.

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. प्लास्टर निघालेलं, नुसतं हाड. गळ्याखाली खड्डे. मी पुन्हा काट्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न किलो शंभर.

"झालं समाधान?" मावशीने विचारलं. "काही घटलं नाही."

"उतर जरा," मी म्हणाले. "पुन्हा बघते."

ती उतरली. दोन पावलं मागे सरकली, भिंतीला टेकली. आम्ही दोघी काट्याकडे बघत होतो.

काटा रिकामा होता.

आकडे हलले... खाली आले... थांबले.

सहा किलो चारशे ग्रॅम.